आपोआप म्हणजे कुठला रंग?

प्रश्न अगदी साधा आहे. एक्सेलमध्ये चार्ट काढला. पाच रेघा आल्या, पाच रंगांच्या. ते रंग आपण दिलेले नाहीत, एक्सेलनेच परस्पर दिले. आता एक चार ओळींचा मॅक्रो लिहून त्याच एक्सेलला विचारायचं की बाबा रे, दुसऱ्या रेघेला तू कुठला रंग दिलास? लक्षात घ्या, ज्याने रंग दिला त्यालाच विचारतोय, शेजारच्याला नाही. तर उत्तर काय मिळावं? आवृत्ती कुठली, चार्ट कुठला आणि प्रश्न कुठल्या दारातून विचारला त्याप्रमाणे कधी "आपोआप" असं मिळतं, कधी "पांढरा" असं मिळतं. रेघ समोर ढळढळीत लाल दिसत असते.

घरच्या मंडळींनी इथेच पान बंद करू नये अशी विनंती आहे. आत्या, हे तुलाही कळेल, तू भिशीचा हिशोब एक्सेलमध्येच ठेवतेस. मॅक्रो म्हणजे काय, तर रोज हाताने करायची कामं एकदा लिहून ठेवायची आणि मग ती यंत्राकडून करून घ्यायची. त्यासाठी यंत्राला अधूनमधून विचारावं लागतं, या घरात काय लिहिलंय, ही रेघ कुठून कुठे जाते, हिचा रंग काय. पहिल्या दोन प्रश्नांना उत्तरं चोख मिळतात. तिसऱ्याला मिळत नाहीत, आणि मिळत नाहीत हे कोणाला फारसं गैर वाटत नाही, यावर मला आज भांडायचं आहे.

आधी जुन्या काळाबद्दल दोन शब्द चांगले बोलतो. २००३ पर्यंतच्या एक्सेलमध्ये प्रत्येक वर्कबुकला ५६ रंगांची एक पेटी असायची. त्यातले १७ ते २४ क्रमांकाचे रंग चार्टमधल्या खांबांसाठी आणि २५ ते ३२ रेघांसाठी राखून ठेवलेले. ज्यांनी त्या काळात ऑफिसात दिवस काढलेत त्यांना ती पेटी डोळे मिटूनही दिसेल. पहिला खांब जांभळट निळा, दुसरा वांग्याच्या रंगाचा, तिसरा पिवळसर पांढरा आणि मागे करडी भिंत. रेघांमध्ये पहिली गडद निळी, दुसरी भडक राणी, तिसरी पिवळी. ही पिवळी रेघ पांढऱ्या कागदावर छापली की दिसायचीच नाही, म्हणून साहेबलोक वाईट आकडे तिसऱ्या सीरीजला द्यायचे असा एक विनोद तेव्हा होता. (विनोदच होता अशी मी समजूत करून घेतलीय.)

या चार्टमधल्या सीरीजला तिचा कलरइंडेक्स विचारला की -४१०५ असा आकडा यायचा. हा रंग नव्हे. "आपोआप" या शब्दाला एक्सेलमध्ये दिलेला हा नंबर आहे, जसा "रंगच नाही" याला -४१४२ आहे. म्हणजे तुम्ही विचारलं, भाजी कुठली केलीस, आणि उत्तर आलं, "रोजची". पण मला या उत्तराचा राग येत नाही, कारण ते खोटं नाही. "रंग मी ठरवलाय, तू दिलेला नाहीस" एवढं ते सरळ सांगतं. आणि पुढचा हिशोब आपल्याला करता यायचा. सीरीज कितवी आहे ते बघायचं, खांब असेल तर त्यात १६ मिळवायचे, रेघ असेल तर २४ मिळवायचे आणि जो क्रमांक येईल तो वर्कबुकच्या कलर्स या यादीत शोधायचा. पहिल्या आठ सीरीजपर्यंत हे गणित बसायचं. आठपेक्षा जास्त रेघा एका चार्टमध्ये कोंबणाऱ्याला रंग न कळणं ही योग्य शिक्षा आहे असं माझं मत आहे.

मग २००७ आलं. पेटी गेली आणि थीम आली. थीममध्ये सहा "अ‍ॅक्सेंट" रंग. पहिला तो सुप्रसिद्ध निळा, म्हणजे लाल ७९, हिरवा १२९, निळा १८९. त्यानंतर विटकरी लाल, पोपटी, जांभळा, आकाशी आणि नारिंगी. तुम्ही तो निळा ओळखता. २००७ ते २०१२ या काळात कुठल्याही सोसायटीच्या वार्षिक सभेत, कुठल्याही महाविद्यालयाच्या अहवालात, कुठल्याही लग्नाच्या खर्चाच्या हिशोबात (आमच्याकडे काढला होता, दादाला आठवत असेल) तोच निळा खांब उभा होता. रंग दिसायला बरे झाले हे मी मान्य करतो. पण "आपोआप"चा अर्थ गुंतागुंतीचा झाला. आता रंग ठरतो तो फाइलची थीम कुठली, १ ते ४८ पैकी चार्ट-स्टाइल कुठली, सीरीज कितवी आणि एकूण किती सीरीज आहेत यावर. सहाच्या पुढे गेलात की त्याच सहा रंगांच्या गडद-फिकट छटा सुरू होतात. १६ मिळवून भागत नाही.

बरं, गुंतागुंत वाढली तर वाढली. हिशोब अवघड झाला असेल तर तो यंत्राने करावा, त्यासाठीच तर यंत्र आणलं. आणि तो करतंच की ते! रेघ पडद्यावर उमटते तेव्हा कुठला तरी एक ठाम रंग काढलेला असतो, "आपोआप" नावाच्या शाईने कोणी रेघ मारू शकत नाही. म्हणजे काढताना रंग माहीत असतो. सांगताना मात्र तोंड वाकडं.

नव्या पद्धतीत विचारायचं ते असं: सीरीज, डॉट, फॉरमॅट, डॉट, फिल, डॉट, फोरकलर, डॉट, आरजीबी. पाच दारं ओलांडून आत गेल्यावर तरी खरं उत्तर मिळावं की नाही? २०१० मध्ये रेघांच्या चार्टवर, रंग आपोआप ठेवलेल्या सीरीजला हा प्रश्न विचारला तर आकडा यायचा १६७७७२१५. याचा अर्थ लाल २५५, हिरवा २५५, निळा २५५. पांढरा. सगळ्या रेघांना तेच. खरं उत्तर पहिल्या रेघेला १२४१९४०७ च्या आसपास कुठेतरी यायला हवं, कारण ७९ अधिक १२९ गुणिले २५६ अधिक १८९ गुणिले ६५५३६ म्हणजे तेवढे होतात. (हा रंग मोजायचा उलटा क्रम, लाल सगळ्यात खालच्या घरात आणि निळा सगळ्यात वरच्या, यावर वेगळं भांडण करता येईल. वेबपानं बनवणारे लोक लाल पहिला लिहितात. इकडचा रंग तिकडे नेला की लाल-निळ्याची अदलाबदल होते. असो.)

माझा आक्षेप नेमका इथे आहे. -४१०५ आणि १६७७७२१५ या दोन उत्तरांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलं उत्तर म्हणतं, हा रंग मी आपोआप ठरवतो. दुसरं म्हणतं, पांढरा. पहिलं अपुरं आहे. दुसरं खोटं आहे, आणि खरं असल्याच्या थाटात दिलेलं आहे. मॅक्रोला ते खरं-खोटं कळायला मार्ग नाही, कारण पांढरा हाही एक रंगच आहे आणि कोणी मुद्दाम पांढरी रेघ काढलेलीही असू शकते. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय! मॅक्रो बिचारा तो आकडा घेतो आणि रेघेच्या टोकाशी रेघेच्याच रंगात नाव लिहितो. पांढऱ्या कागदावर पांढरं नाव. कुठे एरर नाही, कुठे सूचना नाही, फक्त नाव नाही.

आता लोकांनी यावर काढलेली युक्ती ऐका. सीरीजचा प्रकार क्षणभर बदलायचा, रेघेचा खांब करायचा. खांब झाला की त्याच आरजीबीला विचारायचं, आता खरा रंग मिळतो. तो टिपून ठेवायचा आणि खांबाची पुन्हा रेघ करायची. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये, ही व्यवहारात वापरली जाणारी रीत आहे आणि ती चालते. पण विचार करा. नुसतं वाचायचं काम आहे, लिहायचं काही नाही. तरी वाचण्यासाठी वस्तूचं रूप बदलावं लागतं आणि मग ते पूर्ववत झालंय का, रेघेवरचे ठिपके आपल्या जागी आलेत का, हे तपासत बसावं लागतं. शीट लॉक असेल तर तेही नाही. घरात कोण आहे हे कळावं म्हणून घराचं छप्पर काढायचं आणि बघून झालं की परत ठेवायचं.

ही युक्ती शोधणाऱ्यांचं मला कौतुक आहे. राग आहे तो ही युक्ती सापडली म्हणजे प्रश्न मिटला असं मानणाऱ्यांचा. आमच्यात एक फार वाईट सवय आहे. जुगाड जमला की आपण तो अभिमानाने मिरवतो आणि मूळ तक्रार करायचीच सोडून देतो.

एक वाद मात्र मी गांभीर्याने घेतो, कारण तो करणारे लोक विचारी आहेत. ते म्हणतात, "आपोआप" ही एक अवस्था आहे, किंमत नव्हे. समजा आपोआप रंगाच्या सीरीजने तिचा आत्ताचा रंग निळा म्हणून सांगितला, आणि एखाद्या मॅक्रोने तो उचलून दुसऱ्या सीरीजला लावला, तर ती दुसरी सीरीज कायमची निळी होऊन बसेल. उद्या थीम बदलली तर पहिली बदलेल, दुसरी बदलणार नाही. म्हणून रंग विचारल्यावर "आपोआप" एवढंच सांगणं हेच शहाणपणाचं आहे.

मुद्दा बरोबर आहे, पण त्यातून निष्कर्ष भलता निघतो. "रंग कोणी ठरवला?" आणि "रंग कुठला दिसतोय?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मग दोन वेगळ्या जागी त्यांची दोन वेगळी उत्तरं द्या! आणि हे अशक्य आहे असं म्हणायची सोय नाही, कारण एक्सेलनेच ते करून दाखवलंय. शीटमधल्या घरांना कंडिशनल फॉरमॅटिंग असतं, म्हणजे आकडा ठरावीक मर्यादेच्या वर गेला की घर आपोआप लाल होतं. पूर्वी त्या घराचा रंग विचारला की त्याचा मूळचा रंग यायचा, दिसणारा लाल यायचा नाही. तोही असाच छळ होता. २०१० मध्ये त्यावर डिस्प्लेफॉरमॅट नावाची सोय दिली. मूळ रंग हवा तर इंटीरियरला विचारा, दिसणारा हवा तर डिस्प्लेफॉरमॅटला विचारा. (स्वतः लिहिलेल्या फंक्शनमध्ये ती चालत नाही, पण मॅक्रोत चालते.) प्रश्न दोन, दारं दोन, भांडण नाही. मग जे घरांना दिलं ते चार्टच्या सीरीजला का नाही? तिथेही तोच "आपोआप", तोच "दिसणारा आणि ठरवलेला" असा फरक. एकाच सासरी एका सुनेला पाटाचा मान आणि दुसरीला उंबऱ्याबाहेर.

बरं, इतरांकडे बघा. पायथॉनवाल्यांचं मॅटप्लॉटलिब आहे. त्यात रंग न सांगता रेघ काढली तर तेही आपल्या यादीतून आपोआप रंग देतं. २०१७ च्या २.० आवृत्तीत ती यादी बदललीसुद्धा. पण रेघेला गेट-कलर म्हणून विचारा, ती काढताना दिलेला खरा रंग हातावर ठेवते. आपोआप असणं आणि विचारल्यावर खरं सांगणं यात काडीचाही विरोध नाही. लिबरऑफिसमध्ये तर आपोआप रंगांची पूर्ण यादी ऑप्शन्समध्ये चार्ट्सच्या खाली मांडून ठेवलीय, बघा आणि हवी तर बदला. फुकट मिळणारी सॉफ्टवेअरं आहेत ही दोन्ही.

आणखी एक कारण दिलं जातं की फाइलमध्ये रंग लिहिलेलाच नसतो, मग सांगणार कुठून. हे अर्धं खरं आहे. एक्सएलएसएक्स फाइल म्हणजे प्रत्यक्षात एक झिप असते. ती उघडून आतली चार्टची फाइल वाचली तर २००७ आणि २०१० मध्ये काढलेल्या आपोआप सीरीजमध्ये रंगाची ओळच सापडत नाही. २०१३ पासून नव्याने काढलेल्या चार्टमध्ये निदान "अ‍ॅक्सेंट १" असं लिहिलेलं असतं, मग थीमच्या फाइलमध्ये जाऊन अ‍ॅक्सेंट १ म्हणजे काय ते बघायचं. पण लिहिलेला नाही म्हणून माहीत नाही, हे चालायचं नाही. आमच्या वाण्याच्या दुकानात कुठल्याच डब्यावर नाव लिहिलेलं नव्हतं. विचारल्यावर त्याने कधी "पांढरा डबा" असं उत्तर दिलं नाही.

एक चमत्कारिक गोष्ट इथे नोंदवून ठेवतो. २००७ मध्ये मॅक्रो रेकॉर्डर चालू करून चार्टमधल्या सीरीजला हाताने रंग दिला, तर रेकॉर्डर त्यातलं काही टिपतच नसे. २०१० मध्ये ते परत आलं. म्हणजे मधली तीन वर्षं रंग कसा विचारायचा हे शिकायची जी सर्वांत सोपी शाळा, तीही बंद होती. नव्याने मॅक्रो शिकणाऱ्या पोरांनी त्या काळात काय केलं असेल? बहुतेकांनी चार्टचे रंग हा विषयच सोडून दिला. आणि त्यांचीच पुढची पिढी आज मला विचारते की "रंगात काय एवढं?"

रंगात काय एवढं! महाराष्ट्रात राहणाऱ्याने हे विचारावं? पिवळं रेशनकार्ड, केशरी रेशनकार्ड आणि पांढरं रेशनकार्ड, यात काय फरक आहे ते तहसील कचेरीच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला विचारा. पुण्यात मेट्रो आली, तिच्या मार्गांना लोक रंगानेच ओळखतात. पर्पल लाइन स्वारगेटला जाते, अ‍ॅक्वा वनाजला. उद्या एखाद्या दिवशी पर्पल लाइन बंद ठेवली आणि "आता एकच मार्ग उरला, तोच पहिला" म्हणून अ‍ॅक्वा आपोआप पर्पल झाली तर? आपण वेड्यात काढू. पण पिव्होट चार्टमध्ये नेमकं हेच होतं आणि तिथे मात्र आपण "असंच असतं ते" म्हणतो. आपोआप रंग नावाला चिकटलेला नसतो, क्रमाला चिकटलेला असतो. एक सीरीज गळाली की खालच्या सगळ्या एकेक पायरी वर सरकतात आणि वरचीचा रंग घालून बसतात.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंना हे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी कळलं होतं. क्रिमियाच्या युद्धात सैनिक कशाने मेले हे दाखवणारी त्यांची १८५८ सालची आकृती प्रसिद्ध आहे. निळा भाग टाळता येण्यासारख्या रोगांनी झालेल्या मृत्यूंचा, लाल जखमांनी झालेल्या आणि काळा बाकीच्या कारणांचा. निळा भाग लालपेक्षा कितीतरी मोठा, आणि तेच त्यांना दाखवायचं होतं, की गोळीपेक्षा घाणीने जास्त माणसं मारली. आता कल्पना करा की एखाद्या महिन्यात जखमांनी कोणीच मेलं नाही म्हणून लाल भाग गळाला आणि काळा आपोआप लाल झाला. बाई लंडनला जाऊन काय सांगणार होत्या? त्यांच्याही आधी, १७८६ मध्ये, विल्यम प्लेफेअरने व्यापाराचे पहिले आलेख छापले तेव्हा ते हाताने रंगवलेले होते. प्रत्येक प्रतीत, प्रत्येक रेघ. हाताने रंगवणारा माणूस कधी विसरत नाही की कुठल्या रेघेला कुठला रंग दिला.

माझ्या जवळचं उदाहरण देतो. एका दुष्काळी तालुक्यात विहिरींची पाणीपातळी मोजणाऱ्या एका संस्थेचं आकड्यांचं काम मी हौसेने करतो. पाच गावं, दर पंधरा दिवसांनी मोजणी, महिन्याला एक चार्ट. तो चार्ट गावात भिंतीवर लागतो आणि टँकर कुठे आधी पाठवायचा यावर बोलताना लोक त्याकडे बोट दाखवतात. लेजंडची बारीक अक्षरं कोणी वाचत नाही. "आमची हिरवी" एवढंच लोकांच्या डोक्यात. एका महिन्यात एका गावाची मोजणी आलीच नाही, माणूस आजारी होता. ते गाव चार्टमधून गळालं आणि त्याच्या खालच्या तिन्ही गावांचे रंग सरकले. हिरवी रेघ आता दुसऱ्याच गावाची, आणि ती बऱ्यापैकी वर. ज्यांची विहीर खरोखर तळाला गेली होती त्या बायकांना सभेत ऐकून घ्यावं लागलं की तुमचं पाणी तर वाढलंय, बघा ना. घसा फोडून सांगितल्यावर अर्ध्या तासाने कोणीतरी लेजंड वाचला. मग संस्थेच्या प्रमुखांनी आकडे भरणाऱ्या मुलीला झापलं. तिने आकडे बरोबर भरले होते. सगळेच्या सगळे. रंग नावाला बांधून घ्या, असं लेखी कळवून चार महिने झाले होते आणि "त्याने काय फरक पडतो" असं उत्तर आलेलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

आता यावर मित्रांचा ठरलेला सल्ला येतो, आणि मी त्याची वाटच बघतोय: "मग सरळ स्वतः रंग दे ना! आपोआप ठेवतोस कशाला?" हा सल्ला पन्नास टक्के योग्य आहे. जिथे रंगाला अर्थ आहे तिथे तो आपोआपवर सोडूच नये, प्रत्येक नावाचा रंग एका शीटवर लिहून ठेवावा आणि मॅक्रोने दर वेळी त्यावरून लावावा. गावांचे चार्ट आता तसेच निघतात. शिवाय रेघेच्या टोकाशी नावही लिहावं, कारण फाइल काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर छापली जाते आणि आमच्या काकांसारख्या काहींना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही.

पण हा सल्ला लिहिणाऱ्याला आहे. वाचणाऱ्याचं काय? माझ्याकडे येणाऱ्या फायली दुसऱ्यांनी बनवलेल्या असतात. दहा माणसांच्या दहा तऱ्हा. त्यात कुठे रंग मुद्दाम दिलेला आहे, कुठे आपोआप आहे आणि गेल्या महिन्यात हिरवं असलेलं गाव या महिन्यातही हिरवंच दिसतंय का, हे तपासणारा मॅक्रो मला हवाय. तपासणीसाठी आधी दिसणारा रंग वाचता यायला हवा. तो वाचता आला असता तर ती रेघ भिंतीवर लागायच्या आधी एका ओळीची सूचना आली असती. "स्वतः रंग दे" म्हणणारे आग रामेश्वरी असताना बंब सोमेश्वरी नेतात. मला चित्र काढायचं नाहीये, दुसऱ्याचं चित्र वाचायचंय.

"डोळ्यांनी बघ की" असंही एक जण म्हणाला. बघतो. बारा फायली, प्रत्येकीत चार-पाच चार्ट, प्रत्येकात पाच रेघा. डोळ्यांनीच बघायचं तर मॅक्रो शिकलो कशाला आणि कॉम्प्युटर घेतला कशाला?

यात थीमचा घोळ वेगळाच. चार्ट उचलून वर्डमध्ये किंवा पॉवरपॉइंटमध्ये चिकटवला की सहसा तो तिथली थीम घेतो. एक्सेलमधला निळा तिकडे जाऊन हिरवा होतो, आणि खाली टाइप केलेलं वाक्य मात्र "निळ्या रेघेवरून दिसते की" असंच राहतं. नव्या फायलींचे आपोआप रंगही दर काही वर्षांनी बदलत आलेत. २०१३ मध्ये पहिला निळा फिकट झाला आणि दुसरा नारिंगी आला. २०१६ मध्ये पहिला आणि पाचवा यांची अदलाबदल झाली, दोन्ही निळेच, पण वेगळे निळे. २०२३ मध्ये आलेल्या नव्या थीममध्ये पहिला रंग मोरपिशी वळणाचा गडद निळा आहे. जुनी फाइल आपली जुनी थीम धरून राहते, नवी नवीन घेते. मग एकाच अहवालात जानेवारीचा चार्ट एका निळ्यात आणि फेब्रुवारीचा दुसऱ्या निळ्यात, आणि वाचणारा विचारतो की ही दोन गावं आहेत का.

सध्या माझा मॅक्रो एवढंच करतो: प्रत्येक सीरीजला आधी "आपोआप आहेस का" विचारतो, आणि आपोआप असेल तर तिच्या आरजीबीवर विश्वास न ठेवता तिचं नाव एका यादीत टाकतो. यादी रिकामी नसेल तर फाइल ज्याने पाठवली त्याला परत जाते, सोबत एक ओळ, "रंग देऊन पाठवा". गेल्या महिन्यात बारापैकी सात फायली परत गेल्या. पाच जणांनी निमूट रंग देऊन धाडल्या. एकाने अजून काही कळवलेलं नाही. एकाने फोन करून तावातावाने विचारलं की आपोआप ठेवलं तर बिघडतं काय, तोवर माझी भाजी करपली. त्याला आता हे पान पाठवतोय.